गाठींचा पंडित

नारायणा, तुझा तेरावा झाला. लोक बुंदी खाऊन हात पुसत गेले. जाताना जो तो म्हणत होता, "लई विद्वान माणूस गेला." म्हणणारे कोण, तर तुला पाठीमागं 'हरभरा डॉक्टर' म्हणणारेच. पानात गोड पडलं की लोकांना कुणीही विद्वान वाटतो. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की माझा धाकटा भाऊ हेकट होता, अर्धवट होता, आणि जालन्याचा दवाखाना दिवसाच्या वाटेवर असताना मानेवरची गाठ कुरवाळत मेला. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तू जिवंत असताना मी तुझ्याबद्दल चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही, आणि आता एकाएकी बोलायला लागले तर पहिला संशय तुलाच येईल. "अक्का, सबूत काय तुझ्याजवळ?" असं विचारशील.

हा 'सबूत' तू औरंगाबादेहून आणलास. तिथल्या शाळेत सगळं उर्दूतून शिकलास, मॅट्रिकात आपटलास, आणि राजूरला परत आलास तो अशा थाटात, की निजाम सरकारनं खास तुलाच गाव सुधारायला धाडलं आहे. कुणी काढा दिला की तू 'तजुर्बा' विचारायचास. आईनं दृष्ट काढली तर मिरच्यांचा ठसका का लागला किंवा का लागला नाही, याचा जबाब मागायचास. आणि इतका सबूतवाला माणूस लहानपणी देवी टोचायला सरकारी माणूस आला की धान्याच्या कणगीमागं लपून बसायचा. मी हसत हसत पाय धरून तुला बाहेर ओढायची आणि टोचून होईपर्यंत मांडीवर घेऊन बसायची. हे तू गावात कधी कुणाला सांगितलं नाहीस, म्हणून मी सांगते आहे.

एक खरं. सुटीत घरी यायचास तेव्हा तूच मला अक्षरं शिकवलीस. मी लग्न होऊन जालन्याला मस्तगडात गेलेली, माहेरपणाला आलेली बाई, आणि तू मिसरूड न फुटलेला. चुलीपुढची राख पसरून तिच्यावर बोटानं अक्षर काढायचास आणि माझं चुकलं की माझ्याच हातावर फुंकणी मारायचास. आज मी मुलींच्या शाळेत शिकवते ते त्या राखेमुळं. अर्थात तेही अर्धं चुकीचं शिकवलंस. तुझं मराठी उर्दूच्या आडवाटेनं आलेलं. तुझे ऱ्हस्व-दीर्घ मला पुढं एकेक करून विसरावे लागले.

तुझा घात केला तो पुण्याहून येणाऱ्या त्या मासिकानं. ते टपालानं आलं की तू ओसरीवर मांडी ठोकून बसायचास आणि घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. एका वर्षी त्यात गाठींवर लेखमाला सुरू झाली. पहिल्या भागात लिहिलं होतं, की डोळ्यांना न दिसणारी कीड झाडाच्या मुळात शिरते, मुळावर गाठी धरतात, आणि असं झाड उपटून जाळून टाकावं. लेखकानं ते वांग्याबद्दल लिहिलं होतं. तू वांग्याकडं कशाला बघतोस? तू सरळ आपल्या हरभऱ्यात गेलास, एक रोप उपटलंस, मुळाला चिकटलेल्या गाठी पाहिल्यास, आणि कपाळाला हात लावून धावत घरी आलास.

मी संक्रांतीला आले होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. हरभरा घाट्यांनी लगडला होता. आपले चुलते, तात्या, शेताच्या बांधावर उभे राहून ओरडत होते, "आरं, हरभऱ्याच्या मुळीला असत्यात तसल्या गुठळ्या! मी जलमभर बघून राह्यलो."

"तात्या, मंग जलमभर तुमी रोगच बघून राह्यले," तू म्हणालास.

अख्खं शेत उपटलंस. बायांना दुप्पट मजुरी बोलून, माणसांना हाताशी धरून, दिवस मावळायच्या आत ढीग रचलास आणि पेटवलास. आणि मग जे होणारच होतं ते झालं. ओले घाटे भाजल्याचा वास गावभर गेला, आणि गाव हातात सुपं घेऊन आलं. तू रोग जाळत होतास आणि लोक हुळा खात होते. तू ढिगाभोवती पळत ओरडत होतास, "खाऊ नका, कीड हाय, कीड हाय!" शेजारच्या शेतातले सय्यदभाई उकिडवे बसून, तोंड काळं करून, निवांत सोलत होते. ते म्हणाले, "नारायनभाऊ, तुमची कीड तो बहोत मिठी है!"

मीही खाल्ला. चांगला झाला होता.

पुढच्या महिन्यात मासिकाचा दुसरा भाग आला. त्यात लिहिलं होतं, की हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्या रोगाच्या नव्हेत. त्या हवेतलं सत्त्व ओढून जमिनीला देतात, आणि ज्या शेतात त्या भरघोस, त्या शेतकऱ्यानं देवाचे आभार मानावेत. गोदा, तुझी बायको, मला नंतर म्हणाली, की तू तो अंक मिटलास, जेवलास, आणि भिंतीकडं तोंड करून निजलास. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस खाली मान घालेल. छे! पुढच्या चतुर्थीला तू गणपतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर उभा राहून दर्शनाला चढणाऱ्या लोकांना सांगत होतास, "गाठीत ताकद असती. गाठ दिसली का लगेच उपटायची न्हाई." 'चुकलो' हा शब्द मात्र तुझ्या घशातून वर आला नाही. मी दर भेटीत विचारायची, "नाऱ्या, औंदा काय जाळणार?" आणि तू पायात चपला घालून बाहेर निघून जायचास. मी ते विचारायचं सोडलं नाही. असल्या गोष्टी सोडायच्या नसतात.

तिसरा भाग समुद्राच्या तळाचा होता. त्यानं तर तुझं डोकंच फिरलं. जालन्याचा मोती तलाव हे तू पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी. आणि तू पायऱ्यांवर उभा राहून सांगायचास, की समुद्राच्या पार तळाशी, जिथं उजेड पोचत नाही, तिथं बटाट्याएवढे काळे गोळे पसरले आहेत. गोळा फोडला तर कधी आत माशाचा दात निघतो. त्या दाताभोवती पाण्यातलं लोखंड आणि मँगनीज थरावर थर बसत जातं, इतकं हळू, की नखाएवढा थर चढायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात. एकदा एका म्हातारीनं डोक्यावरची नारळाची पिशवी खाली ठेवून विचारलं, "मंग बाबा, दात दुखत न्हाई का त्या माशाला?" सगळी पायरी हसली. तू हसला नाहीस. तू तिला परत पहिल्यापासून समजावून सांगितलंस.

खरं सांगू? तो गोळा मला आवडला होता. तुला सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसला असतास. शाळेत मुलींना सांगितला मात्र, तुझं नाव न घेता.

मग शरीरातल्या गाठी आल्या, आणि तू गावाचा वैद्य झालास. कुणाच्या गळ्याशी, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या जांघेत काही टणक लागलं की माणसं तुझ्याकडं. तू दोन बोटांत गाठ धरायचास, डावीकडं उजवीकडं हलवून पाहायचास, डोळे मिटायचास. जणू आत समुद्र दिसतो आहे! मग म्हणायचास, "ही पळती बोटाखाली. चरबी हाय. भिऊ नको." नाहीतर म्हणायचास, "ही बसली हाय. जालन्याला जा, जल्दी जा." मला हे सगळं सोंग वाटायचं. मॅट्रिक नापास माणूस परक्या बायांच्या गळ्याला हात लावतो, आणि लोक लावू देतात, याची मला शरम वाटायची. देवळातल्या पुजाऱ्याच्या सुनेला तू जालन्याला पाठवलंस, तिची गाठ कापली, ती धडधाकट होऊन परत आली आणि तुझ्या दारात नारळ ठेवून गेली. मी म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

आणि मग ती भाऊबीज. तू मस्तगडात माझ्या घरी आलास. पाटावर बसवून मी तुझ्या डोक्याला तेल लावत होते, मानेवर हात उतरला, आणि कानाखाली बोटांना लागली. सुपारीएवढी. मी हात थांबवला.

"हे काय रे?"

"गाठ हाय."

"ते मलाबी कळतंय. कवापासून?"

"हाय जरा दिवसांची. साठत असंल काहीतरी. समुद्रात न्हाई का, दाताभोवती…"

"समुद्र घाल चुलीत," मी म्हणाले. "तुझे दाजी आत्ता टांगा आणतेत. दवाखाना इथं हाय, हाकेवर. दुनियेला धाडतो तिथं. ऊठ."

तू उठलास, पण टांग्यासाठी नाही. ओवाळायच्या आधीच पाटावरून उठलास आणि खुंटीवरची टोपी घेतलीस. आणि मग ते वाक्य बोललास, जे इतकी वर्षं मी ऐकायला टपले होते. "अक्का, एक डाव मी घाई केली. गाठ दिसली का उपटली, आन् सोन्यासारखं शेत जाळलं. आता उपटणार न्हाई. बिलकुल न्हाई."

मी दारापर्यंत मागं आले. "अरं मूर्खा, हरभरा वेगळा अन् मान वेगळी!" हे शब्द गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकले. तू वळून पाहिलं नाहीस. त्या दिवशी तुझ्या दाजींना मी म्हणाले, या माणसानं जन्मात एकच धडा घेतला आणि तो नेमका नको तिथं लावला. मला हे वाक्य फार आवडलं होतं. नंतर मी ते बऱ्याच जणांना सांगितलं.

संक्रांतीला मी आले नाही. माणूस पाठवला, निरोप पाठवला, तुझ्या दाजींना पाठवलं. दाजींना तू मूग घातलेली खिचडी खाऊ घातलीस, मुगाच्या मुळांवरच्या गाठींवर व्याख्यान दिलंस, आणि परत पाठवलंस. पावसाळ्यात गाठ लिंबाएवढी झाली आणि आत गळ्याकडं वळली. आवाज घोगरा झाला, मग बसला, मग गेला. पुढच्या माघात मी राजूरला आले तेव्हा चतुर्थीची गर्दी पायऱ्यांवर होती आणि जन्मभर पायऱ्यांवरून बोलणारा माणूस खाटेवर मुका पडला होता. मनात आलं, आता मागतोस का सबूत? मनात आलं ते आलं. तोंडावर मी एवढंच म्हणाले, "आलास का ताळ्यावर?"

तू माझा हात धरलास. तुझ्या हातात तेव्हा काही जोर नव्हता, तरी ओढून मानेशी नेलास, माझी दोन बोटं त्या गाठीवर ठेवलीस आणि दाबलीस. डावीकडं, उजवीकडं. माझ्या तोंडाकडं बघत राहिलास. मला वाटलं, भाऊबीजेचं राहिलेलं तेल मागतो आहेस. मी गोदेकडून वाटी मागवून घेतली, तेल कोमट केलं, आणि मानेला, खांद्यांना, हळूहळू लावत बसले. तू डोळे मिटलेस. डोळ्यांतून पाणी आलं ते मी पदरानं पुसलं. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायची तयारी करत होते, तेव्हा गोदेनं मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटलं, पदर बाजूला केला आणि काखेखाली बोट ठेवून दाखवलं. आवळ्याएवढी गाठ. तू एकटा जाऊन भागलं नव्हतं का?

"कवापासून, गोदे?"

"लई दिवस झाले, वन्सं. त्यांनी बघितल्ती. काही न्हाई म्हणले."

'त्यांनी' बघितली होती म्हणे! आपल्या मानेवर लिंबू घेऊन फिरणाऱ्या पंडितानं बायकोला सांगितलं, काही नाही! नारायणा, त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुला फुंकणीनं मारलं असतं. मी गोदेला लुगडं बदलायला सांगितलं आणि ओसरीवर येऊन बैल जुंपा म्हणाले.

तात्या आडवे आले. "खुळी का काय तू? कालचा तेरावा. वरीस व्हईस्तोर तिनं उंबरा वलांडायचा न्हाई. लोकं काय म्हणतीन?"

"तात्या, एक गाठ उंबऱ्याच्या आत ठिवून बघितली की आपण. काय झालं ते काल जेवले न्हाई का लोक?"

तात्यांनी तोंड फिरवलं. भावकीतल्या एकाही घरानं बैल दिले नाहीत. विद्वान माणूस गेला म्हणून हळहळणारे सगळे दाराआड गेले. मग सय्यदभाईंनी आपली गाडी दारात आणून उभी केली, कडबा पसरला, वर सतरंजी टाकली, आणि म्हणाले, "चलो अक्का, धूप चढने के पहले निकलेंगे." गोदा डोक्यावरून पदर ओढून गाडीत बसली. वाटभर तिचा हात काखेशी होता. मी मात्र मनातल्या मनात तुला जालन्यापर्यंत शिव्या देत आले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोदेला पडद्याआड नेलं. मी पडद्याच्या अलीकडं उभी राहून साडीचा काठ चुरगाळत होते. बाई बाहेर आल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "चरबीची गाठ आहे. मऊ आहे, बोटाखाली हलते. काही करायला नको. वाढली तर या." मग हात पुसता पुसता विचारलं, "राजूरहून आलात ना? तिकडचे एक नारायणराव आमच्याकडं माणसं पाठवतात. ज्यांना पाठवायला हवं त्यांनाच पाठवतात, उगाच कुणाला नाही. त्यांनी नव्हती का पाहिली ही?"

"पाहिली होती," मी म्हणाले.

"मग ते काय म्हणाले?"

"हेच."

बाई हसल्या. "कसे आहेत ते?"

मी सांगितलं. कशानं गेलास तेही सांगितलं. बाईंनी हातातला पंचा घडी करून ठेवला आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

बाहेर लिंबाखाली आम्ही दोघी बसलो. सय्यदभाई बैलांना पाणी दाखवायला गेले होते. मी गोदेला म्हणाले, "तुझा नवरा एकदा तरी बरोबर निघाला बाई." मला वाटलं होतं, ती हसेल. ती रडायलाच लागली.

"वन्सं, तुमाला सांगू नको म्हणल्ते. पर आता काय… गेल्या साली भाऊबीजेच्या आधी त्यांनी माझी गाठ दोन बोटांनी हलवली. म्हणले, ही पळती, भिऊ नको. मंग माझा हात धरला आन् आपल्या मानेवर ठिवला. म्हणले, गोदे, ही बिलकुल हलत न्हाई."

मी माझा पदर तिच्या हातात दिला.

"मी म्हणलं, मंग जालन्याला चला. तर लेकरावानी रडले, वन्सं. म्हणले, तिथं कापतेत. लोकांस्नी जा म्हणणं सोपं हाय, मला भ्या वाटून राह्यलं. अक्काला सांगू नको म्हणले. ती हसंल."

गोदा आता माझ्या घरी आहे. आत भाकरी थापते आहे. तिला वर्षभर राजूरला पाठवायचा माझा विचार नाही, तात्यांना काय करायचं ते करू देत. ती काखेखाली हात न्यायची थांबली आहे. तेवढं तू बरोबर सांगितलं होतंस आणि तेवढ्यापुरतं मी तुला मानते. हे तुझ्या तोंडावर मी मेले तरी म्हटलं नसतं, आणि तू ते ऐकल्यावर जे तोंड केलं असतंस ते बघायला आज मी काय वाटेल ते देईन.

पण हरभरा, घाई, धडा, समुद्र! सगळं थोतांड. माझ्या पाटावर बसून, माझ्या हातचं तेल डोक्यावर घेऊन, तू मला चक्क खोटं सांगितलंस, आणि मी इतकी शहाणी, की ते खरं मानून गल्लीभर सांगत फिरले. तुला सगळं ठाऊक होतं. तू नुसता भ्यालास. खाटेवरही माझी बोटं धरून तेच सांगत होतास आणि मी तेल चोळत बसले.

भ्यालास तर सांगायचं होतंस, गाढवा. अक्का हसेल म्हणे! हसलेच असते. पोट धरून हसले असते. आणि हसून झाल्यावर टांगा बोलावला असता, आणि डॉक्टरीणबाई सुरी खाली ठेवीपर्यंत तुझा हात सोडला नसता. कणगीमागून तुला ओढून काढायची तेव्हा मी काय रडत होते का?